पदव्युत्तर जीवशास्त्र: प्रॅक्टिकल, आकडेमोड आणि सेमिनारमधल्या या चुका टाळा

पदवीच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं. जेलवर (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणारा थर) बँड, म्हणजे तुकड्यांचा पट्टा, कुठे यायला हवा हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. एमएस्सीला, विशेषतः प्रकल्प सुरू झाल्यावर, ते उत्तर कुणालाच माहीत नसतं. सवय मात्र जुनीच राहते: प्रयोग लावायचा, निकाल आला तर लिहायचा, नाही आला तर पुन्हा तसाच लावायचा. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. चूक झाली तर ती कुठे झाली हे कळेल, अशी सोय प्रयोग लावतानाच करून ठेवलेली नसते.

द्रावण करताना

मॅग्नेशियम क्लोराइड घ्या. निर्जल क्षाराचा रेणुभार ९५.२१, हेक्साहायड्रेटचा २०३.३. कपाटातल्या बाटलीत बहुधा हेक्साहायड्रेट असतं आणि आकडेमोड होते ९५.२१ धरून. १०० मि.लि. एक मोलर द्रावणाला २०.३३ ग्रॅम लागतात, तिथे ९.५२ ग्रॅम पडतात आणि द्रावण होतं जेमतेम ०.४७ मोलर. आता हेच पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवण्याची पद्धत) १.५ मिलिमोलर समजून घातलं, की नळीत प्रत्यक्षात जातं ०.७ मिलिमोलर. चार डीएनटीपी (डीएनएच्या प्रतींचे सुटे घटक) प्रत्येकी ०.२ म्हणजे एकूण ०.८ मिलिमोलर; ते मॅग्नेशियम बांधून ठेवतात. पॉलिमरेज या प्रती करणाऱ्या एन्झाइमसाठी जवळपास काहीच उरत नाही. बँड येत नाही आणि मग आठवडाभर प्रायमरवर (प्रत कुठून सुरू व्हावी हे ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा) संशय घेतला जातो. रेणुभार नेहमी बाटलीच्या लेबलवरून घ्या आणि वहीत लेबलवरचं पूर्ण रासायनिक सूत्र लिहा, हायड्रेटसकट.

विरलनाचा घोळही असाच. '१:१०' म्हणजे एक भाग नमुना आणि नऊ भाग बफर, एकूण दहा. एकात दहा भाग बफर घातला तर ते ११ पट विरलन होतं. एकाच पायरीत हा फरक खपून जातो, पण सहा पायऱ्यांच्या सिरियल डायल्यूशनमध्ये तुम्ही १० लाख पट धरता आणि खरं विरलन असतं सुमारे १७ लाख ७० हजार पट. प्लेटवरच्या वसाहती मोजून काढलेली जिवाणूंची संख्या मग खऱ्या संख्येच्या ५६ टक्केच भरते. किती अधिक किती, हे '१ + ९' असं लिहिण्याची सवय लावून घ्या.

ट्रिस बफरचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला साधारण ०.०३ ने. २५ अंशांवर ८.० लावलेला बफर ४ अंशांवर ८.६ च्या आसपास असतो. प्रथिनं थंडीत वेगळी करायची असतील तर पीएच त्याच तापमानाला लावा. ईडीटीएची गोष्ट निराळी. ०.५ मोलर डायसोडियम ईडीटीए विरघळत नाही म्हणून पाणी वाढवलं जातं आणि शेवटी आकारमान हाताबाहेर जातं. पीएच ८ च्या जवळ आल्याशिवाय ते पूर्ण विरघळणारच नाही. एक लिटरसाठी ८०० मि.लि. पाण्यात १८६.१ ग्रॅम घ्या, ढवळत ढवळत सोडियम हायड्रॉक्साइड घाला (साधारण २० ग्रॅम गोळ्या लागतात), आणि उरलेलं पाणी सगळ्यात शेवटी.

सेंट्रिफ्यूजबद्दल एकच गोष्ट: वहीत नुसता 'आरपीएम' लिहू नका. १०,००० आरपीएमला ८ सेंमी त्रिज्येच्या रोटरमध्ये साधारण ८,९०० जी (गुरुत्वाच्या पटीतलं बल) मिळतो आणि १६ सेंमीच्या रोटरमध्ये १७,९०० जी. रोटर बदलला की प्रयोगही बदलला.

पीसीआर चालला नाही, आता काय?

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कंट्रोलशिवाय नमुने लावणं. 'नळ्या वाचतात' हे कारण ऐकायला बरं वाटतं, पण कंट्रोल नसेल तर रिकाम्या जेलमधून काहीच शिकता येत नाही. किमान तीन गोष्टी हव्यात: आधी चाललेलं टेम्प्लेट (ज्याच्या प्रती करायच्या तो डीएनए; हाच पॉझिटिव्ह कंट्रोल), टेम्प्लेटऐवजी पाणी, आणि डीएनए काढतानाच नमुन्याशिवाय चालवलेली एक रिकामी नळी. मग जेल स्वतःच बोलतं.

लॅडरही (माहीत असलेल्या आकारांच्या डीएनए तुकड्यांची मोजपट्टी) दिसत नसेल तर पीसीआरचा विचार नंतर. आधी जेल, रंग आणि इमेजिंग तपासा. लॅडर आहे पण पॉझिटिव्ह कंट्रोलही कोरा आहे, तर दोष मास्टर मिक्समध्ये किंवा मशीनच्या प्रोग्रॅममध्ये. पॉझिटिव्ह आला आणि नमुना आला नाही, तर टेम्प्लेट बघा. इथे डीएनए आणखी घालण्याचा मोह होतो आणि तोच नेमका चुकीचा. वनस्पतींतले पॉलिफिनॉल आणि पॉलिसॅकराइड, मातीतलं ह्युमिक आम्ल हे पॉलिमरेजला अडवतात. डीएनए वाढवला की तेही वाढतात. उलट टेम्प्लेट दहा पट विरल करून लावा. विरल केल्यावर बँड आला तर अडथळा सापडला.

पाण्याच्या नळीतही अपेक्षित आकाराचाच बँड आला तर दूषितीकरण झालं आहे, आणि त्या दिवशीचे सगळे बँड संशयित आहेत, कितीही सुंदर दिसले तरी. पाणी, प्रायमर, बफर एकेक करून नवे घ्या. जेल चालवता त्या टेबलावर मिक्स करू नका. पाण्यात १०० बेसच्या खाली फिकट पट्टा असेल तर तो बहुधा प्रायमर डायमर, त्याची इतकी धास्ती नको. लांबच लांब स्मिअर (पसरलेला पट्टा) आला तर टेम्प्लेट जास्त, सायकल जास्त किंवा अ‍ॅनिलिंग तापमान कमी. सुरुवात दोन प्रायमरपैकी कमी टीएम (प्रायमर डीएनएपासून सुटण्याचं तापमान) असलेल्याच्या ५ अंश खालून करा आणि शक्य असेल तर ग्रेडियंट (एकाच वेळी वेगवेगळी तापमानं) लावा.

एक बारीक पण वारंवार दिसणारी गोष्ट. पॉलिमरेज साधारण ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतं. ते जड असतं, मिक्समध्ये टाकलं की सरळ तळाशी बसतं. नळी टिचकी मारून किंवा पिपेटने हळूच वरखाली करून एकजीव केली नाही, तर वाटप करताना पहिल्या नळ्यांना एन्झाइम कमी आणि शेवटच्यांना जास्त जातं. लेन १ ते ३ कोऱ्या आणि ६ ते ८ झगझगीत असं चित्र दिसलं तर आधी हे आठवा. ८ नळ्यांसाठी मिक्स ९ चं करा. आणि एका वेळी एकच घटक बदला. मॅग्नेशियम, तापमान आणि प्रायमर तिन्ही एकदम बदलून बँड आला तर आनंद होईल, पण कशामुळे आला हे कळणार नाही.

डीएनएची मात्रा मोजताना २६०/२८० (या नॅनोमीटर लांबींवरच्या प्रकाशशोषणाचं) गुणोत्तर १.८ आलं की निश्चिंत होऊ नका. २६०/२३० सुद्धा बघा. ते २ च्या बरंच खाली असेल तर ग्वानिडिन, फिनॉल किंवा कर्बोदकं मागे राहिली आहेत, आणि तुमचं पुढचं सिक्वेन्सिंग तिथेच अडकेल.

क्यूपीसीआरमध्ये (पीसीआर चालू असतानाच प्रती मोजण्याची पद्धत) जनुकांच्या प्रकटनाची तुलना करणारी डेल्टा-डेल्टा-सीटी पद्धत सगळे वापरतात, तिची अट मात्र विसरतात: दोन्ही जनुकांची (तपासायचं आणि तुलनेसाठी घेतलेलं) कार्यक्षमता, म्हणजे दर सायकलला प्रती किती वाढतात ते, सारखी आणि १०० टक्क्यांच्या जवळ असायला हवी. एकाची १०० आणि दुसऱ्याची ९० टक्के असेल तर २५ सायकलनंतर निव्वळ या फरकापोटी साडेतीन पटींची तफावत पडते. जनुकाचं प्रकटन तिप्पट झालं असं म्हणण्याआधी स्टँडर्ड कर्व (माहीत असलेल्या मात्रांवरून काढलेला आलेख) काढा, उतार −३.१ ते −३.६ मध्ये यायला हवा, १०० टक्क्यांसाठी तो −३.३२ असतो.

तीन विहिरी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत

प्रबंधातली सर्वांत गंभीर चूक इथे होते, आणि ती परीक्षकांच्या नजरेतून सहसा सुटत नाही. पेशींचा एक फ्लास्क घेतला, त्यातून सहा विहिरी (प्लेटमधले छोटे खळगे) भरल्या, तिनांत औषध आणि तिनांत नुसतं माध्यम घातलं, आणि लिहिलं 'एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) बरोबर ३'. या तीन विहिरी पिपेटिंग किती नेमकं झालं हे सांगतात. औषध दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या पॅसेजच्या (पुन्हा नव्याने वाढवलेल्या) पेशींवर चालेल का, याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. इथे एन बरोबर १ आहे. परिसंस्थाशास्त्रातही तेच: एका तळ्यातून घेतलेले दहा नमुने म्हणजे दहा तळी नव्हेत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या प्रकाराला स्यूडोरेप्लिकेशन (खोटी पुनरावृत्ती) हे नाव दिलं. चूक अजूनही तितकीच प्रचलित आहे.

उपाय सोपा आहे, फक्त आधी करावा लागतो. उपचार ज्याला स्वतंत्रपणे दिला ते एकक कोणतं, प्राणी, पिंजरा, फ्लास्क की तळं, हे प्रयोगाआधी लिहून ठेवा. त्या एककातली तांत्रिक मोजमापं सरासरीने एक करा आणि चाचणी एककांच्या संख्येवर लावा. आलेखातल्या एरर बार एसडी (प्रमाण विचलन) आहेत की एसईएम (सरासरीची प्रमाण त्रुटी), हेही लिहा. एसईएम लहान दिसतो म्हणून तो निवडणं हे कारण होऊ शकत नाही.

२०,००० जनुकं एकदम तपासताना पी ०.०५ ची मर्यादा ठेवली, तर काहीच परिणाम नसतानाही सुमारे १,००० जनुकं 'लक्षणीय' निघतील. फॉल्स डिस्कव्हरी रेटची (चुकून लक्षणीय ठरलेल्यांचं प्रमाण) दुरुस्ती केल्याशिवाय यादी कुणाला दाखवू नका.

लेखी पेपरमधला एक हमखास सापळा

हार्डी-वाइनबर्गच्या गणितात (समूहातल्या जीनोटाइपची संख्या समतोलात आहे का हे तपासणाऱ्या) जीनोटाइप तीन, म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम दोन, असं धरलं जातं. समजा १०० जणांत दोन होमोझायगस (जनुकाची दोन्ही रूपं, म्हणजे अलील, सारखी) गट ३० आणि ३२, हेटेरोझायगस (वेगवेगळी) ३८. पहिल्या अलीलची वारंवारता ०.४९, अपेक्षित संख्या २४.०१, ४९.९८ आणि २६.०१, काय-स्क्वेअर ५.७५ च्या आसपास. दोन धरले तर मर्यादा ५.९९, म्हणजे 'समतोल आहे'. पण अलीलची वारंवारता याच आकड्यांवरून काढली आहे, तिच्यापोटी आणखी एक अंश गेला. उरला एक, मर्यादा ३.८४, आणि निष्कर्ष उलटा: समतोल नाही. हेटेरोझायगस कमी का पडले, अंतःप्रजननामुळे, दोन वेगळे समूह एकत्र मोजल्यामुळे की जीनोटाइपिंगच्या चुकीमुळे, हे लिहिलं तर उत्तर पूर्ण होतं.

संगणकावर आणि सेमिनारमध्ये

ब्लास्टमधला (डेटाबेसमध्ये जुळणारे डीएनए किंवा प्रथिनांचे क्रम शोधणारं साधन) पहिला हिट म्हणजे सर्वांत जवळचा नातेवाईक असं गृहीत धरू नका. जवळची प्रजाती डेटाबेसमध्ये नसेलच तर ती दिसणार कशी? ई-व्हॅल्यू (असं जुळणं योगायोगाने किती वेळा अपेक्षित आहे याचा आकडा) डेटाबेसच्या आकारावर अवलंबून असते, म्हणून डेटाबेसचं नाव आणि शोधाची तारीख लिहा. वंशवृक्ष वाचताना टोकांवरची नावं शेजारी आहेत की लांब, याला अर्थ नाही. प्रत्येक गाठीभोवती फांद्या फिरवता येतात. नातं ठरतं ते सामाईक पूर्वज किती अलीकडचा यावरून.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये थेट उघडू नका, तो स्तंभ आधी 'टेक्स्ट' करा. सेप्ट२, मार्च१ अशा इंग्रजी नावांच्या तारखा होऊन बसत. २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने ती नावंच बदलली. जुन्या फाइलींत मात्र ती अजून आहेत.

सेमिनारसाठी शोधनिबंध निवडलात की सारांश आणि चर्चा बाजूला ठेवून आधी आकृत्या बघा. प्रत्येक आकृतीला तीन प्रश्न विचारा: कंट्रोल कोणता, एन किती आणि कशाचा, आणि हाच निकाल दुसऱ्या कोणत्या कारणाने आला असता? त्यानंतर लेखकांचं म्हणणं वाचा. उलट क्रमाने वाचलं की लेखकांचा निष्कर्ष डोक्यात बसतो आणि आकृतीतही तोच दिसायला लागतो.

प्रयोगवहीत न चाललेले प्रयोगही त्याच दिवशी लिहा, एन्झाइमच्या आणि किटच्या लॉट नंबरसकट. जेलचा फोटो चिकटवताना लेनचा क्रम, लॅडरचं नाव आणि मूळ फाइल कुठे ठेवली आहे हे शेजारीच नोंदवा. कापलेला, उजळवलेला फोटो प्रबंधात लावायचा असेल तरी मूळ अखंड प्रतिमा जपून ठेवा. मौखिक परीक्षेत ती मागितली जाऊ शकते.