मिसिर वत: इथिओपियाचे मसुरीचे कालवण घरी कसे करावे

इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजात बुधवार, शुक्रवार आणि ईस्टरपूर्वीच्या ५५ दिवसांच्या मोठ्या उपवासात मांस, अंडी, दूध व लोणी वर्ज्य असते. मिसिर वत हे त्या दिवसांचे तिखट, लालभडक कालवण. म्हणून मसाले घालून कढवलेले ‘नितेर किब्बे’ हे लोणी यात हवेच, असा आग्रह धरणाऱ्या पाककृती मी वाचून बाजूला ठेवते. उपवासाच्या वतमध्ये तेलच असते.

चौघांसाठी २०० ग्रॅम लाल मसूर डाळ, अर्धा किलो कांदे, अर्धी वाटी तेल, तीन मोठे चमचे बर्बेरे मसाला, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि इंचभर आले घ्यावे. अर्धा किलो कांदे ही छापण्यातील चूक नव्हे, कारण या कालवणाला दाटपणा डाळीइतकाच कांद्यामुळे येतो.

बर्बेरे तयार मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास ब्याडगी मिरची, धने, मेथी, ओवा, कलौंजी, लवंग, दालचिनी व सुंठ मंद भाजून दळावी आणि कोरारिमा या तिकडच्या वेलदोड्याऐवजी आपला वेलदोडा वापरावा. मालवणी मसाल्यावर मात्र भागवू नये. त्यातील बडीशेप आणि दगडफूल ताबडतोब आपली ओळख सांगतात.

आता कांदा. माझी पहिली तीन-चार वते याच पायरीवर बिघडली, कारण फोडणीवर पोसलेला हात आधी तेल तापवल्याशिवाय राहत नाही. वतमध्ये कांदा कोरड्या, जाड बुडाच्या पातेल्यात, तेलाचा थेंबही न घालता शिजवायचा असतो. तापलेल्या तेलात पडलेल्या कांद्याच्या कडा तळल्या जातात, तुकडे आपला आकार धरून बसतात आणि शेवटी हाती येते ती तिखट मसुराची आमटी. तेल नसले की कांदा स्वतःच्याच पाण्यात हळूहळू विरघळतो आणि त्याचा गोडसर लगदा होतो.

यासाठी कांदा अगदी बारीक चिरावा. मिक्सरची कच्ची पेस्ट करू नये, तिचा उग्र वास शेवटपर्यंत जात नाही. आच मंद ठेवून सतत ढवळावे, बुडाला लागू लागल्यास चमचाभर गरम पाणी शिंपडून लागलेला भाग खरवडून घ्यावा आणि हे चाळीस-पन्नास मिनिटे करत राहावे. ‘दहा मिनिटांत कांदा गुलाबी होईल’ असे लिहिणाऱ्याने वत केलेले नाही, असे मी बेलाशक म्हणते. पळी फिरवल्यावर पातेल्याच्या बुडावर क्षणभर वाट उघडी राहिली आणि कांद्याचा तुकडा वेगळा ओळखू येईनासा झाला, की मगच तेल घालावे.

तेल घातल्यावर पाच मिनिटांनी वाटलेले आले-लसूण आणि त्यानंतर बर्बेरे घालावा. येथे दुसरा धोका आहे: हा मसाला क्षणात करपतो, आणि करपलेल्या मेथीचा कडवटपणा साखर, टोमॅटो, लिंबू कशानेही झाकत नाही, मी तिन्ही करून पाहिले आणि शेवटी पातेले रिकामे केले. म्हणून मसाल्याबरोबरच दोन चमचे पाणी घालावे, आटले की पुन्हा दोन चमचे, असे करत पंधरा-वीस मिनिटे, कडेने लाल तेल सुटेपर्यंत शिजवावे. या तयार पायाला अम्हारिक भाषेत ‘कुलेत’ म्हणतात. तो जास्त करून ठेवल्यास फ्रीजमध्ये चार-पाच दिवस सहज टिकतो.

पुढे धुतलेली डाळ व चार वाट्या गरम पाणी घालून ती मऊ होईपर्यंत शिजवावी. मीठ, थोडी मिरपूड आणि चिमूटभर वेलदोड्याची पूड शेवटी घालावी.

वत पातळ नसते. इंजेराच्या तुकड्याने उचलता आले पाहिजे. तेफ या धान्याचे पीठ काही दिवस आंबवून एकाच बाजूने भाजलेली ती जाळीदार, आंबट भाकरी घरी जमत नसेल, तर पोळीपेक्षा चांगली आंबलेली आंबोळी घ्यावी. तिच्या जाळीत रस नीट मुरतो.