पत्रे टाकून घेताना कामाचा माणूस कसा पारखायचा

लग्न होऊन लातूर जिल्ह्यातल्या औशाला आले तेव्हापासून मी घरच्या हार्डवेअरच्या दुकानात बसते. पत्रे, पाइप, स्क्रू, वॉटरप्रूफिंगचे डबे सगळं इथूनच जातं. कोणता मिस्त्री कुणाच्या घरासाठी काय माल उचलतो, हे रोज डोळ्यांसमोर असतं. म्हणून हे लिहितेय. घरावर छप्पर घालायला माणूस आयुष्यभराची पुंजी काढतो, ती अशी वाया गेलेली बघवत नाही.

किल्लारी आमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, भार अंगावर येऊन माणसं गेली. तेव्हापासून इकडं हलक्या छपराकडं लोकांचा कल वाढला, आणि ते योग्यच आहे. पण हलकं छप्पर नीट जखडलं नाही तर वळवाच्या वाऱ्यात उडतं. गावोगाव पत्र्यांवर दगड ठेवलेले दिसतात. तो दगडच सांगतो की खालचं काम कच्चं आहे. वारा आला की आधी तो दगड खाली येतो, आणि खाली लेकरं झोपलेली असतात.

फसवणुकीचा हंगाम ठरलेला आहे. एप्रिल-मे महिन्यांत वादळ होऊन गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गावात पत्र्यांनी भरलेला पिकअप येतो. "कंपनीचा उरलेला माल आहे, आजच घेतला तर निम्म्या भावात, ठोकूनही देतो." मृग तोंडावर असतो, घर उघडं पडलेलं असतं, माणूस घाईत विसार देऊन टाकतो. अशा गाडीवाल्याला एकच सांगायचं : दुकानाचं बिल दाखव आणि एक पत्रा काट्यावर ठेव. खरा असेल तर ठेवील.

काट्याचं महत्त्व मी मुद्दाम सांगते, कारण सगळ्यात जास्त चोरी जाडीत होते. अर्धा मिलिमीटरचा पत्रा सांगून ०.३५ चा देतात. रंग तोच, लाटा त्याच, हाताला फरक कळत नाही. वजन मात्र खोटं बोलत नाही. लाटा पाडण्याआधी पत्र्याची पट्टी बहुधा १२२० मिलिमीटर रुंद असते. त्या हिशेबानं दहा फुटी लोखंडी पत्रा ०.५० चा असेल तर चौदा किलोच्या आसपास भरतो, ०.३५ चा असेल तर जेमतेम दहा. मागं एक मावशी भाच्यासोबत आल्या होत्या. ठेकेदारानं दिलेल्या कागदावर "हेवी पत्रा" एवढंच लिहिलेलं. मी म्हटलं, "मावशी, हेवी म्हंजे किती, ते लिहून घ्या." दोन्ही जाडीचे पत्रे त्यांच्यासमोर तोलून दाखवले. त्या बराच वेळ काट्याकडंच बघत होत्या. मग भाच्याला म्हणाल्या, "त्याला फोन लाव. म्हणावं, माल आमी घेणार. तू नुसती मजुरी सांग."

मलाही हेच सांगायचं आहे. जमेल तिथं माल स्वतः घ्या आणि कारागिराला मजुरी द्या. आमच्या धंद्यात मिस्त्रीला मालावर कमिशन द्यायची पद्धत आहे, आणि ते शेवटी घरमालकाच्याच बिलात बसतं. माल तुम्ही घेतला की जाडी, कंपनी, बिल सगळं तुमच्या हातात राहतं. काही चांगले ठेकेदार मालासकट काम घेतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते दुकानात सोबत न्यायला कां-कूं करत नाहीत, हीच त्यांची ओळख.

माणूस पारखायचा तर त्याचं नवं काम बघू नका. नवं काम सगळ्यांचंच चकाकतं. दोन पावसाळे खाल्लेलं काम दाखव म्हणा, आणि तिथं जाऊन घरातल्या बाईला विचारा, पावसात भांडी कुठं ठेवावी लागतात का. गळकी जागा तिला पाठ असते. आणखी एक बघते मी. उंचावर माणूस चढवताना ठेकेदार दोर देतो का, सिमेंटच्या पत्र्यावर फळी टाकून चालायला लावतो का. जो आपल्या मजुराच्या जिवाची फिकीर करत नाही, तो तुमच्या घराची काय करणार?

काम चालू असताना दोन-तीन गोष्टी स्वतः बघा. छताचा स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर हवा. पाणी पन्हाळीतून वाहतं, तिथं भोक पाडलं की गळती ठरलेली. स्क्रूखाली रबराचा वॉशर हवा आणि तो पत्र्यावर नीट टेकलेला हवा. ढिला असला तर पाणी शिरतं, फार आवळला तर रबर फाटतं. वरचा पत्रा खालच्यावर सहा इंच तरी चढलेला असावा, उतार कमी असेल तर जास्त. वारा कडेनं आणि कोपऱ्यातून पत्रा उचलतो, म्हणून तिथं स्क्रू दाट लागतात. पत्र्याखालचा आधाराचा पाइप नुसता विटांवर टेकवलेला चालत नाही, तो भिंतीत काँक्रीटनं किंवा प्लेट-बोल्टनं जखडलेला पाहिजे. काम झाल्यावर भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत उभं राहा आणि वर बघा. उजेडाचा ठिपका दिसला की तिथं खडूनं खूण करा. मग कुणाला तरी वरून नळीनं पाणी सोडायला लावा.

स्लॅबच्या गळतीचं काम वेगळं. "दहा वर्षांची गॅरंटी" म्हणत दारोदार फिरणारे थेट रंगाचा डबा उघडतात. चांगला माणूस आधी ओल कुठून येते ते शोधतो : टाकी वाहते का, पाइप फुटलाय का, कठड्याच्या कोपऱ्यात भेग आहे का. ओल्या किंवा धुळीच्या स्लॅबवर मारलेलं कोटिंग पोपडे धरून निघतं, म्हणून हे काम उन्हाळ्यात उरका. कोटिंग पूर्ण वाळल्यावर बोळे लावून चोवीस तास पाणी साठवा आणि खालून छत बघा. छत "तपासायला" आलेल्याला एकट्याला वर सोडू नका, घरचं कुणीतरी सोबत असू द्या.

पैशाचं आणि कागदाचं एकत्रच सांगते. वहीच्या पानावर का होईना, एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या :

"पत्रा ०.५० मिमी, अमुक कंपनी. मोजमाप झाकलेल्या जागेचं, एकावर एक चढलेला भाग धरायचा नाही. मजुरी चौरस फुटाला इतके रुपये. काम अमुक तारखेला सुरू, अमुक तारखेला पूर्ण. उचल इतकी, सांगाडा उभा राहिल्यावर इतकी, पत्रे बसल्यावर इतकी, उरलेले पहिल्या मोठ्या पावसानंतर. एक वर्षात गळालं तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं."

मापाची ओळ गाळू नका, पुष्कळ भांडणं तिथंच होतात. सगळी उचल आधी दिलीत तर सांगाड्यावर घर सोडून माणूस दुसऱ्या गावच्या कामाला जातो. शेवटचा दहावा हिस्सा तरी हातात ठेवा. पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, नोंद राहते. लहान मिस्त्रीकडं जीएसटी नंबर नसेल तर त्यात खोट नाही, पण नंबर नसताना जीएसटी लावून मागत असेल तर देऊ नका.

वादळात पत्रे उडाले असतील तर आवराआवर करायच्या आधी फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याला कळवा. "भरपाई काढून देतो" म्हणत आधार आणि अंगठा मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. घरकुलाचा हप्तासुद्धा लाभार्थ्याच्याच खात्यात येतो, त्यासाठी मध्यस्थ लागत नाही.

एवढं करूनही कुणी फसवलंच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सोबत बिलं, सह्यांचा कागद, पैसे दिल्याची नोंद आणि गळतीचे तारखेसकट फोटो जोडा.