हमिंगबर्डसाठी साखरपाणी ठेवताय? या चुका टाळा

एप्रिलचा दुसरा आठवडा आला की हमिंगबर्डसाठी फीडर, म्हणजे साखरपाण्याचं भांडं, टांगणाऱ्यांचे मला फोन यायला लागतात. "अगं, फीडर लावून चार दिवस झाले, एकही पक्षी फिरकला नाही." मे महिन्यात तक्रार बदलते, "मुंग्याच मुंग्या झाल्यात." सप्टेंबरात कुणीतरी विचारतंच, "आता काढून टाकू ना?" मी मध्य न्यू जर्सीत राहते. आमच्या मागच्या डेकवर गेली सोळा वर्षं फीडर टांगलेला आहे आणि दरवर्षी त्याच चुका, त्याच घरांमधून, नव्याने होताना बघते. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

इथे आपल्याकडे येतो तो रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करणारी हमिंगबर्डची ही एकच जात. आमच्याकडे तो साधारण अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे येतो आणि दसऱ्याच्या सुमारास जातो. नर आधी, माद्या थोड्या दिवसांनी. वजन जेमतेम ३ ग्रॅम, म्हणजे पेनीच्या नाण्याहून किंचित जास्त. एवढ्याशा अंगाने यातले कित्येक पक्षी मेक्सिकोचं आखात, जवळजवळ ८०० किलोमीटर, कुठेही न टेकता पार करतात. इतकं उडून आलेल्या जिवाच्या तोंडाशी आपण काय धरतो, याची जबाबदारी आपली. ती घ्यायची नसेल तर फीडर आणूच नये, दोन फुलझाडं लावावीत. त्यातही पक्ष्याचं भलंच आहे.

साखर म्हणजे साधी पांढरी साखर

प्रमाण पाठ करा: १ वाटी साखर, ४ वाट्या पाणी. वाटी कुठलीही चालेल, दोन्हींना तीच वापरा म्हणजे झालं. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं. मी पाणी उकळून घेते, कारण ते जरा जास्त टिकतं, मग पूर्ण गार करून भरते. एकतारी पाक करायचा नाही. "जास्त गोड केलं तर जास्त येतील" म्हणून निम्मं निम्मं घालणारे लोक मला भेटलेत. उन्हाळ्यात पक्ष्याला पाणीही हवं असतं, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

लाल रंग घालू नका. फीडरचं झाकण लाल असतं, तेवढं पुरतं. दुकानातलं लाल तयार मिश्रण आणणं म्हणजे पैसे देऊन नको ती गोष्ट घरी आणणं.

आणि गूळ नाही. मध नाही. ब्राउन शुगर, कच्ची साखर, खांडसरी नाही. कृत्रिम गोडी तर मुळीच नाही, तिच्यात पोट भरणारं काही नसतंच. एका मैत्रिणीकडे तिचे सासरे कोल्हापूरहून आले होते. घरची गुऱ्हाळं बघितलेला माणूस. त्यांनी सुनेला सांगितलं, "साखर कसली देतेस त्या पाखराला, गुळाचं पाणी ठेव." तिने ठेवलं. आठवड्याने मी गेले तर फीडरमध्ये तांबूस पाणी. मी काकांना म्हटलं, "काका, माणसाला गूळ चांगला आहे, त्यात लोह असतं म्हणूनच चांगला. पण फुलांच्या मधुरसात लोह अगदी नावाला असतं. या पक्ष्याचं शरीर तेवढ्याचीच सवय असलेलं. जास्तीचं लोह त्याला बाधतं. पांढऱ्या साखरेत जी साखर आहे तीच मुख्यतः फुलात असते." काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लगेच फीडर उतरवला. मुक्काम संपेपर्यंत देवाची उपकरणी घासावीत तसा ते तो रोज सकाळी घासत होते. मधाचंही तसंच: पाण्यात कालवलेला मध फार लवकर आंबतो आणि त्यात बुरशी वाढते.

घासणं: सगळ्यात मोठी चूक इथेच होते

इतर चुका विसरलात तरी चालेल, ही विसरू नका. माझ्याकडून झालेली सांगते.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी आम्ही जुलैमध्ये आठवडाभर बाहेरगावी गेलो. जाताना मी फीडर काठोकाठ भरला, म्हणजे "मागे उपाशी राहायला नकोत." त्या वर्षी आमच्या ओकच्या फांदीवर मादीने घरटं केलं होतं. अर्ध्या अक्रोडाच्या कवचाएवढं, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं, बाहेरून दगडफूल चिकटवलेलं. खालून बघितलं तर फांदीची गाठच वाटावी. परत आले तेव्हा पारा ३५ अंशांच्या घरात होता. फीडरमधलं पाणी दुधट झालेलं, त्यात पांढऱ्या तारा तरंगत होत्या. पिण्याच्या प्रत्येक भोकाच्या कडेला काळी रेघ. झाकण उघडलं तर ताडीसारखा आंबूस वास. आणि मी तिथे उभी असतानाच ती मादी आली, भोकाशी चोच नेली, मागे सरली, पुन्हा नेली, पुन्हा मागे सरली आणि उडून बी-बामच्या फुलांवर गेली. मी नसताना तिने त्यातलं किती प्यायलं असेल, हा विचार मला कितीतरी दिवस सोडत नव्हता. बुरशी आणि आंबलेलं पाणी या पक्ष्यांच्या जिवावर बेततं.

तो बाटलीसारखा फीडर मी त्याच दिवशी टाकून दिला. त्याच्या कोपऱ्यांत ब्रश पोचतच नव्हता. तेव्हापासून बशीसारखा, दोन भागांत उघडणारा फीडरच वापरते. विकत घेताना दुकानातच उघडून बघा. सगळीकडे बोट जात नसेल तर परत ठेवून द्या, कितीही सुंदर असला तरी.

आता माझी सवय अशी. पारा ३० च्या वर असेल तर एक दिवसाआड, लाट आली असेल तर रोज. २० ते ३० मध्ये तीन दिवसांनी. एप्रिल-मेच्या गारव्यात चार-पाच दिवस. पाणी संपलं नसलं तरी ओतायचं. म्हणूनच चतकोरच भरते. फीडर भरलेला दिसावा हा आपला हट्ट, पक्षी पितो थेंबाथेंबाने. धुताना कडकडीत गरम पाणी आणि व्हिनेगर, भोकांसाठी स्ट्रॉ साफ करायचा बारीक ब्रश. साबण वापरलाच तर वास जाईपर्यंत विसळायचं. शेवटी भोकांत टॉर्च मारून बघते. एकही काळा ठिपका दिसला तर पुन्हा घासायचं.

"एवढा वेळ कुणाला आहे?" असं मला तोंडावर विचारलेलं आहे. फीडर टांगणं म्हणजे दारात दुभतं जनावर बांधण्यासारखं आहे. रोजची उस्तवार करायची तयारी असेल तरच बांधावं. गावाला जाणार असाल तर फीडर उतरवा, धुवा, कपाटात ठेवा. पक्षी उपाशी मरत नाही. त्याला फुलं आहेत, आणि चिलटं, कोळी, माश्या हे त्याचं खरं अन्न आहे. पिल्लांना तर मादी कीटकच भरवते. म्हणून अंगणात कीटकनाशक फवारायचं आणि फीडरही लावायचा, या दोन गोष्टी एकत्र जात नाहीत.

मुंग्या, गांधीलमाश्या, प्रार्थनाकीटक

फीडरच्या दोरीला तेल किंवा व्हॅसलीन लावू नका. ते पिसांना लागलं की पक्ष्याला ते काढता येत नाही. तिकडे भारतात गोडाचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायचे, तीच युक्ती: फीडरच्या वर टांगायची पाण्याची छोटी वाटी मिळते, ती लावा. पाणी तेवढं भरलेलं ठेवा. गांधीलमाश्या येत असतील तर फीडरवर पिवळी फुलं आहेत का बघा. पिवळा रंग त्यांना खुणावतो.

सप्टेंबरात फीडरवर हिरवा-तपकिरी मोठा नाकतोड्यासारखा कीटक पाय जोडून बसलेला दिसला तर तो खंडोबाचा किडा, प्रार्थनाकीटक. तो हमिंगबर्ड पकडतो. मी स्वतः त्याला भोकाच्या वर, अगदी स्तब्ध, मान वळवून पक्ष्याकडे रोखून बघताना पाहिलंय. मारू नका, काठीवर घेऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला सोडा. मी दिवसातून दोनदा बघते, कारण तो परत येतो.

खिडकीपासून फीडर एकतर १ मीटरच्या आत लावा नाहीतर चांगला १० मीटर लांब. मधल्या अंतरावरून वेग घेतलेला पक्षी काचेवर आपटतो.

एकच नर बाकीच्यांना हुसकावतो? दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला लावा, पहिल्यावरून दिसणार नाही असा. शेजारी शेजारी दोन लावून काही होत नाही.

थंड पहाटे पक्षी फीडरवर उलटा लटकलेला दिसला तर तो मेला म्हणून उचलू नका. रात्री शक्ती वाचवायला तो शरीर गार करून, हृदयाचे ठोके मंद करून सुप्तावस्थेत जातो. ऊन लागलं की थरथरत जागा होतो. त्याला त्याचा वेळ द्या.

गॅरेजच्या दाराला आतून जी लाल मूठ लोंबते, ती त्याला फूल वाटते. आत शिरला की तो छताशीच घिरट्या घालतो आणि थकून मरतो. दार पूर्ण उघडा, आतले दिवे घालवा, दाराशी फीडर ठेवा आणि बाजूला व्हा. मुठीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळा, पाच मिनिटांचं काम आहे.

"बाळ हमिंगबर्ड" म्हणून मला जे फोटो येतात ते बहुतेक पतंगाचे असतात. डोक्यावर मिशा आणि पारदर्शक पंख दिसले की तो पतंग. हमिंगबर्डचं पिल्लू घरट्याबाहेर पडतं तेव्हा जवळजवळ आईएवढंच झालेलं असतं. आणि पुण्याहून, नाशिकहून जे व्हिडिओ येतात तो शिंजीर. भारतात हमिंगबर्ड नाहीतच.

जून महिन्यातली घाई

मे महिन्यात दोन-तीन पक्षी दिसतात, जूनमध्ये एकदम सामसूम होते. नवखी मंडळी इथेच कंटाळून फीडर काढतात. तेव्हा मादी एकटीच अंडी उबवत असते, नर या कामाला हात लावत नाही. दोन अंडी, घेवड्याच्या बीएवढी. जुलैअखेर पिल्लं उडायला लागली की ऑगस्टात डेकवर गर्दी होते. त्याच वेळी आमच्या ओहोळाकाठी ज्युएलवीड फुलतं, केशरी, ठिपक्याठिपक्यांचं. हा आपल्या तेरड्याचा सख्खा चुलत भाऊ. तिकडे तेरड्याच्या गौरी घरात येतात तेव्हा इकडे दक्षिणेला निघालेले हमिंगबर्ड या तेरड्यावर पोट भरत असतात. फीडरपेक्षा मला तो देखावा जास्त आवडतो. जागा असेल तर ज्युएलवीड, बी-बाम, कार्डिनल फ्लॉवर, लाल ट्रम्पेट हनीसकल हे लावा. ही सगळी इथलीच झाडं आहेत.

"फीडर ठेवला तर ते जाणारच नाहीत"

ही समजूत मला सगळ्यात जास्त छळते. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, लोक फीडर उतरवतात, पक्ष्याच्या भल्यासाठी म्हणून. पक्षी साखरपाणी बघून मुक्काम वाढवत नाही. दिवस लहान व्हायला लागले की त्याच्या अंगातच निघायची ओढ सुरू होते. उलट सप्टेंबरात कॅनडाकडून खाली येणारे पक्षी आपल्या अंगणात एखादा दिवस टेकतात, अंगावर चरबी चढवतात आणि पुढे जातात. नेमकी तेव्हाच खानावळ बंद करायची?

मी शेवटचा पक्षी दिसल्यावर निदान दोन-तीन आठवडे फीडर ठेवते. एका वर्षी असाच ठेवला होता. दिवाळी होऊन गेली होती, झाडं बोडकी झाली होती. नोव्हेंबरच्या मध्यावर सकाळी चहा घेऊन खिडकीशी उभी होते आणि फीडरवर काहीतरी आलं. मला वाटलं पानच वाऱ्याने अडकलंय. मग ते हललं. पाठ हिरवी, पण कुशी विटकरी, शेपटीच्या बुडाशीही तोच रंग. रुबी-थ्रोटेडला असा रंग नसतो. पक्षी पकडून पायात नोंदीचं कडं घालायचा परवाना असलेल्या एक बाई दोन दिवसांनी आल्या. त्यांनी तिला हातात धरून पिसांची मापं घेतली, वजन केलं आणि सांगितलं, रूफस हमिंगबर्डची मादी आहे. ही जात पश्चिमेची, ओरेगॉनपासून अलास्कापर्यंत घरटी करणारी. शरदात त्यातले थोडे पूर्वेकडे येतात, आणि थंडी त्यांना आपल्या पक्ष्यांपेक्षा बरीच मानवते.

मग रोजचा क्रम ठरला. अंधार पडला की फीडर आत, कारण रात्री पाणी गोठायचं. उजाडायच्या आधी कोमट पाणी भरून पुन्हा बाहेर. दुपारी दुसऱ्या फीडरशी अदलाबदल. नवरा कामावर जाण्याआधी टॉर्च घेऊन डेकवरचं बर्फ झाडायचा. ती उजाडल्यावर सातच मिनिटांनी यायची, इतकी नेमाची, आणि होली नावाच्या झाडात एकाच काटकीवर बसायची.

डिसेंबरच्या ११ तारखेला ती नेहमीपेक्षा बराच वेळ प्यायली. मधे एकदा काटकीवर जाऊन बसली, परत आली, पुन्हा प्यायली. दुपारनंतर दिसली नाही. पुढचे दहा दिवस मी रोज पहाटे ताजं पाणी भरून फीडर बाहेर टांगत होते.