बाण कडक की नरम: काडी कापण्याआधी हे करा

'चाळीस पौंडाचं धनुष्य ना? मग बाणाला चाळीस पौंडाची काडी घ्या.' धनुष्याचे पौंड म्हणजे ओढायला लागणारा जोर, काडीचे पौंड म्हणजे तिचा कडकपणा. हा सल्ला मी किनवटपासून परभणीपर्यंत ऐकलाय. देणाऱ्यानं एकदा तरी बिनपिसाची काडी सोडून बघितली असती तर दिला नसता.

दोरीचा धक्का मागून बसतो, जड टोक जागेवरच राहू पाहतं, म्हणून काडी लवते आणि धनुष्याच्या मुठीला वळसा घालून निघते. फार कडक असली तर वळसा घेतच नाही. बांबूच्या साध्या धनुष्याची मूठ रुंद असते, बाणासाठी आत कापलेली नसते. वळसा मोठा, म्हणून काडी जरा नरमच लागते. मूठ मध्यापर्यंत कापलेली असेल तर कडकही चालते.

कडकपणा मोजणं सोपं आहे. फळीवर 26 इंचांवर दोन खिळे ठोका, काडी आडवी ठेवा, मधोमध 907 ग्रॅम वाळूची पिशवी टांगा. जितके मिलिमीटर लवली त्यानं 660 ला भागा: 16.5 मिलिमीटर लवली तर 40 पौंड. बांबू सगळीकडून सारखा नसतो, फिरवून मोजा आणि कडक बाजू धनुष्याकडे ठेवा. कार्बनच्या काडीवरचा आकडा उलटा वाचायचा, 500 ची काडी 400 पेक्षा नरम. आणि धनुष्यावर लिहिलेले पौंड बहुतेक वेळा 28 इंच ओढीचे, म्हणजे दोरी तितकी मागे खेचल्यावरचे, असतात. तुमची ओढ 26 असेल तर चार-पाच पौंड वजा करा.

आता खरी मेख. मी पहिल्यांदा सहाच्या सहा काड्या आपल्या मापानं कापून बसलो. काडी आखूड झाली की कडक होते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे बाण डावीकडे. महिनाभर मी स्वतःच्या हातालाच दोष देत होतो.

म्हणून काडी लांबच ठेवा. पिसं लावलेले तीन बाण सोडा, मग दोन बिनपिसाचे, शेपटाला पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी गुंडाळून. आधी दहा पावलांवरून, मग पंधरा मीटरवरून. मागे मातीचा बांध हवा, हे बाण भरकटतात. उजव्या हातानं ओढणाऱ्याची बिनपिसाची काडी पिसांच्या बाणांच्या उजवीकडे लागली तर नरम, डावीकडे लागली तर कडक. नरम असेल तर टोकाकडून पाव इंच कापा, पुन्हा सोडा. पाव म्हणजे पावच! कडक निघाली तर जड टोक लावा.

निशाणाच्या बारदानात काडी तिरकी घुसली म्हणून घाबरू नका, कुठे लागली ते बघा. मुठीच्या कडेला खडूची पूड लावा. शेपटावर पूड आली तर बाण धनुष्याला घासतोय, त्या दिवशीचा निकाल धरूच नका. भर दुपारच्या वाऱ्यातला तर अजिबात नाही.

प्रत्येक वेळी काडी हातानं वाकवून कान द्या, करकरली तर मोडून टाका. चिरलेली काडी हातात घुसते.

जुळली की बाकीच्या त्याच मापानं कापा. पिसं चिकटवायला एक संध्याकाळ पुरते.