सिमको लेकवर बर्फातलं फिशिंग: अंगात काय घालायचं?

टोरंटोहून जानेवारीत सिमको लेकवर फिशिंगला जाणार असाल तर कॉटन अजिबात नको, बनियनसुद्धा नाही, कारण घामाने एकदा भिजलं की वाळता वाळत नाही आणि मग उणे 15 मध्ये नुसती हुडहुडी भरते. अंगालगत मेरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वॉटरप्रूफ जॅकेट न् छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली बिब पँट. पैसे घालायचेच तर फ्लोट सूटमध्ये घाला, बर्फ फुटून पाण्यात पडलात तर तो तरंगत ठेवतो. ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, बर्फाला भोक पाडताना जाम घाम येतो, तेव्हा जॅकेट आधीच काढा, बसलात की लगेच चढवा. बूट जरा सैलच घ्या, दोन-दोन मोजे कोंबून घट्ट झाले तर बोटं जास्तच गारठतात. हातमोज्यांची जादा जोडी खिशात हवीच, मासा सोडवताना पहिली भिजतेच.