प्लॅन अर्धा असतानाच भाडं वाढलं तर काय करायचं

आपल्याकडे चवथीच्या तोंडावर किंवा नवीन वर्षाला असा मेसेज येतोच, की वायफायचं नाहीतर टीव्हीचं भाडं पुढच्या महिन्यापासून वाढणार. लगेच पैसे भरू नका. आधी जुनं बिल आणि नवं बिल शेजारी ठेवून बघा, मूळ भाडं वाढलंय, राउटरचं भाडं घुसलंय की जुनी सवलत संपलीय, कारण १८ टक्के जीएसटी दोन्हीकडे असतोच आणि जाहिरातीत बऱ्याचदा तो धरलेला नसतो. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले असतील तर ती पावती हाच तुमचा पुरावा, मुदत संपेपर्यंत फरक मागितला तर देऊ नका. टीव्हीचं थोडं वेगळंय, २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम आणि टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नेटवर्क फीवरची (चॅनलच्या पैशांशिवाय नुसत्या जोडणीसाठी दर महिन्याला घेतात ती फी) १३० रुपयांची मर्यादा काढली, म्हणून बिलातला तो आकडा नक्की बघा आणि न बघितलेले पे चॅनल काढून टाका.

केबलवाला ओळखीचा, वाड्यावरचाच असला तरी नुसतं तोंडी बोलू नका! कस्टमर केअरला तक्रार करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर घ्या, इंटरनेटचं असेल आणि निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपिलेट अथॉरिटीकडे (तक्रारीचा निकाल परत तपासणारा वरचा अधिकारी) फुकट अपील होतं. तिथेही नाही झालं तर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.