पायातला खेळ तोंडात आणताना: खान्देशातल्या फुटबॉलपटूचं प्रशिक्षक म्हणून पहिलं वर्ष

दहा-बारा वर्षं फुटबॉल खेळलेला माणूस शिट्टी गळ्यात घालतो आणि पहिल्याच आठवड्यात ठरलेली चूक करतो: स्वतःच खेळत बसतो. ड्रिबल दाखवतो, फ्री किक कोपऱ्यात बसवतो, पोरं टाळ्या वाजवतात. तासाभरात प्रत्येक पोराच्या पायाला चेंडू लागलेला असतो तो फार तर आठ-दहा वेळा. पायाला आपोआप कळतं ते सुटं करून दहा वर्षांच्या मुलाला चार शब्दांत सांगणं हे वेगळं काम आहे. भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशानं शिक्षक होते. १९५१ आणि १९६२ ची एशियाडची सुवर्णपदकं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधलं चौथं स्थान भारताला त्यांच्या हाताखाली मिळालं. माजी फुटबॉलपटू खालिद जमील यांचं खेळणं दुखापतींनी आटोपलं, २००९ मध्ये मुंबई एफसीनं त्यांना प्रशिक्षक केलं. मिझोरामच्या आयझॉल क्लबला आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य लीग, जिंकून दिली ती २०१७ मध्ये, आणि राष्ट्रीय संघ हाती आला २०२५ मध्ये. म्हणजे सोळा वर्षं. घाईचं काम नाही.

कागदांचं आधी उरकू. सुरुवात एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, डी लायसन्सपासून होते. महाराष्ट्रात फुटबॉलची राज्य संघटना विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, तेव्हा कोर्सच्या तारखांसाठी तिच्यावर आणि आपल्या जिल्हा संघटनेवर लक्ष ठेवा. डीच्या पुढे सी, बी, ए आणि प्रो. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर मात्र बी.पी.एड. लागतं, तिथे लायसन्स पुरत नाही. सरकारी प्रशिक्षकपदाकडे डोळा असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा बघा. कोर्सच्या प्रात्यक्षिकात चांगले खेळाडू अडकतात ते बोलण्यात. विषय 'पहिला स्पर्श', म्हणजे आलेला चेंडू ताब्यात घेणं, मिळालेला असतो आणि हे महाशय बचावफळीवर भाषण देतात. घरी आरशासमोर सराव करा: खेळ थांबवला, एक प्रश्न विचारला, एकदा दाखवलं, पुन्हा सुरू, सगळं तीस सेकंदांत.

आता मैदान. खान्देशात निम्मी डोकेदुखी इथेच आहे. तापीकाठची काळी जमीन पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. बोटभर रुंद भेगेत बुटाचा स्टड, म्हणजे तळाचा दात, अडकला की पाय जागेवर राहतो आणि गुडघा फिरतो. सरावाआधी दोघांनी मैदानभर चालून भेगा शोधायच्या आणि बारीक कोरड्या मातीनं भरायच्या. मुरूम टाकून सपाट केलेलं मैदान टिकतं, पण पडलेल्या पोराचा गुडघा सोलून काढतं. तिथे स्लाइडिंग टॅकल, म्हणजे घसरत जाऊन चेंडू काढणं, शिकवू नका. पावसाळ्यात उलटं: चिखल बुटाला लपेटतो, बूट जड होतो, पाय घसरतो. चालताना टाच दोन बोटं खोल जात असेल तर त्या दिवशी सराव गच्चीवर किंवा शाळेच्या फरशीवर, फक्त चेंडू-नियंत्रणाचा. नाहीतर मैदान असं उखडतं की पुढचे पंधरा दिवस खड्डेच. बूट घेतानाही हेच ध्यानात ठेवा. टणक जमिनीवर लांब स्टड टोचतात, तळवा आणि टाच दुखते. छोट्या रबरी दातांचे टर्फ बूट बरे.

चेंडूंचं माप: आठ-नऊ वर्षांपर्यंत ३ नंबर, बारा-तेरापर्यंत ४, पुढे ५. पाच नंबरचा घेर ६८ ते ७० सेंमी आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम. हा धोंडा आठ वर्षांच्या पोराला दिला की ते चेंडू बुटाच्या टोकानं मारायला शिकतं आणि ती सवय पुढे वर्षभर काढत बसावी लागते. खडबडीत जमिनीवर हातानं शिवलेला चेंडू लवकर उसवतो, रबर मोल्डेड टिकतो. पाच नंबरची हवा ८.५ ते १५.६ पीएसआयच्या (पंपाच्या मीटरवरचं दाबाचं माप) मधे असते, आपल्या टणक जमिनीवर खालच्या टोकाला ठेवा. सकाळी भरलेला चेंडू दुपारी उन्हात राहिला आणि वीसेक अंशांनी तापला तर दाब साधारण दीड पीएसआय वाढतो, आणि मग तो पायाला दगडासारखा लागतो. वीस पोरांना किमान दहा चेंडू, चाळीस कोन-मार्कर, दहा रंगीत बिब, एक पंप आणि दोन सुया. सुई नेहमी हरवते, म्हणून दोन. रेषा आखायच्या फक्कीची गोणी वेगळी.

वीस पोरांचा ७५ मिनिटांचा सराव असा मांडता येतो. पहिली १२ मिनिटं प्रत्येक जोडीला एक चेंडू, अंग गरम करणं चेंडूसोबतच. मैदानाला फेऱ्या मारायला लावणं बंद करा. फेऱ्यांनी पोरं दमतात, फुटबॉल येत नाही. मग १८ मिनिटं चौकोन: ८ बाय ८ मीटरचे चार चौकोन, प्रत्येकात चौघं कडेला, एक मध्ये. कडेच्यांनी चेंडू आपसांत फिरवायचा, मधल्यानं तो काढून घ्यायचा. खरी शिकवण इथेच होते, त्यामुळे इथे थांबून बघा. चौकोन १२ मीटरचा झाला तर मधल्याला धावून उपयोग नाही आणि कडेच्यांना विचार करावा लागत नाही. ५ मीटरचा झाला तर चेंडू टिकतच नाही. बहुतेक वेळा चेंडू जातो तो पास देणाऱ्याच्या चुकीनं नाही, तर शेजारचे दोघं खांबासारखे उभे असतात म्हणून. त्यांनी कडेवरून सरकून कोन दिला पाहिजे. हे सांगायला एकच ओळ पाठ करून द्या: 'बघ, घे, वळ, दे.' मधला खेळाडू चेंडू गेला की बदलायचा, हा नियम वाईट. सगळ्यात कच्चं पोर तास संपेपर्यंत मध्येच धापा टाकत राहतं. दर मिनिटाला घड्याळ बघून बदला.

त्यानंतर ३० बाय २० मीटरच्या दोन मैदानांवर पाच विरुद्ध पाच, ३० मिनिटं, दोन मीटरचे गोल, गोलकीपर नाही. दोन मैदानं केली की एकही पोर कडेला बसत नाही. उरलेला वेळ पाणी, अंग सैल करणं आणि साहित्य मोजणं. पोरं पहिल्या मिनिटापासून 'सर, मॅच कधी?' विचारणार, म्हणून मॅच काढून घेण्याची धमकी हे शिस्तीचं हत्यार करू नका. मॅच हाच धडा आहे. कडेला उभे राहून 'मार भो, मार!' ओरडणाऱ्या बापांना मात्र मध्यरेषेपासून दहा पावलं लांब उभं करा.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा उन्हाळी शिबिर सकाळी सहाला सुरू आणि साडेसातला बंद. संध्याकाळी साडेसहाआधी जमीनच तापलेली असते. दर पंधरा मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो, मुलामागे एक पेलाभर. घरचं क्षारपाणी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे आणि सपाट. मीठ जास्त पडलं तर उलटी होते. पोर बडबडायला लागलं, अडखळलं किंवा अंग भट्टीसारखं तापलं की वेळ दवडू नका: सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, कुणाला तरी १०८ लावायला सांगा. गाडीची वाट बघत पोराला तसंच उन्हात झोपवून ठेवणं सगळ्यात घातक. सरावानंतरच्या खाण्याचा प्रश्न आपल्याकडे स्वस्तात सुटतो. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीला काय तोटा, सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे.

वर्षाचं वेळापत्रक इथल्या घरांकडे बघून आखा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या रविवारी मैदान रिकामं असतं, तो सराव आधीच रद्द धरा. कापूस वेचणी सुरू झाली की खेड्यातली पोरं संध्याकाळी उशिरा येतात. नंदुरबारकडच्या कितीतरी घरांची माणसं ऊसतोडीला बाहेर जातात आणि अर्धा संघ दिसेनासा होतो. अशा पोराला गैरहजर म्हणून काढू नका, मार्चमध्ये परत घ्या.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत, तालुका, जिल्हा, मग विभाग. आपले तिन्ही जिल्हे, जळगाव, धुळे आणि नंदुरबार, नाशिक विभागात येतात. संघ हरतो त्यापेक्षा जास्त वेळा कागदांवर बाद होतो: जन्मदाखल्यावरची आणि आधारवरची तारीख जुळत नाही. जूनमध्येच जन्मदाखला, आधार आणि बोनाफाईड एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये घ्या आणि तिन्हींवरचं नाव एकाच स्पेलिंगमध्ये आहे का ते घरच्यांसमोर बसून तपासा. दुरुस्तीला महिना जातो.